गुडघ्याचं माप आधी, स्लीव्ह नंतर

प्रश्न : ताई, मी कऱ्हाडला राहते, वय २४. एका पतसंस्थेत काउंटरला बसते आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जाते. दीड वर्षापासून पॉवरलिफ्टिंग करतेय, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट या तीन उचली, आणि तिन्हींची मिळून एकूण बेरीज. माझं वजन ६१ किलो. तीन महिन्यांपूर्वी स्क्वॉट (वजनाचा बार खांद्यावर घेऊन बैठक) ९० किलो होता, आता ११० झालाय. आठवड्यातून तीनदा स्क्वॉट करते. सात आठवड्यांनी राज्य स्पर्धा आहे, क्लासिक गटात, म्हणजे उचलायला मदत करणाऱ्या खास सूटशिवाय, उतरणार आहे. आजवर गुडघ्याला काहीच न घालता उचललं. पण महिनाभर उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखतंय. जिना उतरताना आणि काउंटरवरून उठताना जास्त. आमच्याकडचे एक सीनियर दादा म्हणतात, ‘स्लीव्ज (गुडघ्यावर चढवायच्या घट्ट रबरी नळ्या) घाल, दुखणं जाईल. आणि मापापेक्षा एक नंबर लहान घे, तरच उपयोग.’ त्यांनी त्यांची जुनी जोडी वापरायला दिलीय, पण ती खाली सरकते. दुसरे एक जण म्हणतात, सरळ रॅप (गुडघ्याभोवती गुंडाळायची पट्टी) बांध. स्लीव्ज ५ मिमी जाडीच्या घेऊ की ७? परदेशी जोडी साडेसात हजारांना मिळतेय, देशी अठराशेला. माझा पगार १६ हजार आहे. एकदाच घ्यायची तर कोणती घेऊ?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर :

तुझ्या पत्रातले ‘काउंटरवरून उठताना’ हे शब्द मी दोनदा वाचले. म्हणून खरेदीचं नंतर, आधी गुडघ्याचं बोलते.

वाटीभोवती, पुढच्या बाजूला दुखणं, जिना उतरताना वाढणं, आणि बराच वेळ गुडघा वाकवून बसल्यावर उठताना कळ येणं. हे लक्षण मी जिममधल्या मुलामुलींमध्ये वर्षानुवर्षं बघत आलेय. बहुतेक वेळा त्याचं कारण भारातच सापडतं. तीन महिन्यांत ९० चे ११० केलेस, तेही आठवड्यात तीन दिवस स्क्वॉट करून. त्याचं मला खरंच कौतुक आहे. पण स्नायू लवकर तयार होतात, आणि वाटीमागची कूर्चा आणि वाटीच्या वरखालच्या कंडरा यांना त्याच वेगाने जमत नाही. त्यात दिवसभर खुर्चीवर गुडघे काटकोनात दुमडलेले. संध्याकाळी त्याच गुडघ्यांवर तू शंभर किलो ठेवतेस.

स्लीव्ह घातल्यावर दुखणं कमी वाटेल, यात दादा खोटं बोलत नाहीत. ऊब मिळते, चारी बाजूंनी दाब येतो, सांधा कुठे आहे याची जाणीव मेंदूला जास्त स्पष्ट मिळते, आणि यामुळे वेदना दबते. मात्र बार खांद्यावर असताना गुडघ्यावर जो भार येतो, तो जवळपास तेवढाच राहतो. मला भीती आहे ती याचीच. दुखत नाही म्हणून तू पुढच्या आठवड्यात ११५ लावशील, आणि स्पर्धेच्या आठवड्यात लंगडत वजनकाट्यावर जाशील.

तेव्हा पहिले दोन आठवडे असं कर. स्क्वॉट तीनऐवजी दोनच दिवस. वजन ७० ते ८० किलोंच्या दरम्यान, खाली जाताना मनात तीन मोज. दुखण्याला दहापैकी गुण दे. व्यायाम करताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी जिना उतरताना नेहमीइतकंच असेल, तर तो भार तुझ्या गुडघ्याला पेलतोय. चार-पाच झालं किंवा सकाळी जास्त ठणकलं, तर पुढच्या वेळी वजन उतरव. जोडीला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखी बैठक, पाऊण मिनिटाची, चार-पाच वेळा. गुडघा दुखणार नाही इतकंच खाली बसायचं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायामही कर, कारण नितंबाचे बाजूचे स्नायू कमी पडले की खाली बसताना गुडघा आत झुकतो आणि वाटीवर ताण येतो. स्वतःचा स्क्वॉट समोरून मोबाइलवर चित्रित करून बघ, उजवा गुडघा आत येतोय का ते लगेच दिसेल. आणि काउंटरवर दर अर्ध्या तासाने टेबलाखाली पाय लांब कर. ग्राहकाला काही कळणारसुद्धा नाही.

गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा पाय मुरगळल्याचं आठवत असेल, तर मात्र यातलं काहीही करत बसू नकोस. हाडांच्या डॉक्टरांना दाखव. तसं काही नसलं तरी खेळाडूंसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घे. त्या भेटीचे पैसे कुठल्याही स्लीव्हपेक्षा जास्त कामी येतील. आणि सरावाआधी वेदनाशामक गोळी कधीही नको. कुठे थांबायचं हे सांगणारी एकच गोष्ट तुझ्याकडे आहे, ती बंद करू नकोस.

आता रॅपचं. तुला रॅप बांध म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण तू क्लासिक गटात आहेस. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयपीएफच्या नियमांत क्लासिकला गुडघ्यावर स्लीव्हच चालते. रॅप इक्विप्ड गटासाठी, म्हणजे जिथे मदत करणारे खास सूट चालतात. तिथे दोन मीटर लांब आणि आठ सेंटीमीटर रुंदीपर्यंतची पट्टी ताणून गुंडाळतात. ती तळाला आवळली जाते आणि वर येताना खरोखर ढकलते. त्या ढकलण्याची सवय लावून घेतलीस तर स्पर्धेत रिकाम्या गुडघ्याने तळातून उठताना पाय अनोळखी वाटतील. शिवाय तो आवळलेला दाब थेट वाटीवर येतो, आणि तुझी तक्रार नेमकी तिथलीच आहे. तेव्हा तो विषय इथेच सोडून दे.

मेडिकलमधली नी कॅपसुद्धा नको. आपल्या आज्ज्या घालतात ती विणलेली, इलॅस्टिकची, कधी वाटीला भोक असलेली, कधी वेल्क्रोच्या पट्ट्यांची. ती फिरायला जाण्यासाठी आहे. शंभर किलोंच्या भाराखाली ती काही धरत नाही, आणि स्पर्धेत किट तपासताना ती बाजूला ठेवायला लावतील.

स्क्वॉटची स्लीव्ह निओप्रीनची असते. हे कृत्रिम रबर १९३० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. पाणबुड्यांचे सूट ज्याचे बनतात तेच. आत बारीक बंद बुडबुडे असतात, म्हणून ऊब धरून ठेवतं आणि दाबलं की परत फुगतं. स्क्वॉटच्या तळाला मांडी आणि पोटरी जवळ येतात तेव्हा गुडघ्यामागच्या लवणीत हे कापड दुमडून दबतं, पुढच्या बाजूला ताणलं जातं, आणि दोन्हीकडून थोडी मदत परत करतं. पण ती मदत मर्यादितच. २०१९ मध्ये अमेरिकेचा पॉवरलिफ्टर रे विल्यम्स याने गुडघ्याला फक्त स्लीव्ज घालून ४९० किलोंचा स्क्वॉट केला. त्याच्याही गुडघ्यावर नियमात बसणाऱ्याच स्लीव्ज होत्या. बाकीचं त्याच्या मांड्यांनी, पाठीने आणि वर्षांच्या सरावाने केलं.

जाडीचं उत्तर सोपं आहे : तुझ्यासाठी ७ मिमी. ३ मिमी धावण्या-उड्यांसाठी. ५ मिमी वेटलिफ्टिंगवाल्यांना आवडते, कारण त्यांना खोल बसून झटकन उठायचं असतं आणि दिवसभर घालून वावरायचं असतं. जड स्क्वॉटला ७ मिमी, आणि आयपीएफच्या नियमात तीच कमाल जाडी आहे. त्याहून जाड ‘एक्स्ट्रा सपोर्ट’ म्हणून कुणी विकत असेल तर ती घेऊन स्पर्धेत उतरता येणार नाही.

पण दोन ७ मिमी स्लीव्ज सारख्या नसतात, आणि लोक इथेच फसतात. कापड किती घट्ट विणीचं, किती दाट, हे मिलिमीटरमध्ये दिसत नाही. दुकानात गेलीस तर स्लीव्हची कड अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाब. स्वस्त फोम स्पंजासारखा चपटा होतो आणि सोडल्यावर आळसावून वर येतो. चांगलं निओप्रीन बोटांना विरोध करतं आणि सोडताक्षणी मूळ जाडीवर येतं. मग आत हात घालून शिवण चाचप. शिवण सपाट असावी, टोचणारी जाड कड नसावी, आणि लवणीत तर मुळीच नसावी. मी बघितलेल्या बहुतेक फाटक्या स्लीव्ज कापडात फाटल्या नव्हत्या, शिवणीत उसवल्या होत्या. कुठेही शिवणीचा धागा निघालेला दिसला तर ती जोडी परत ठेव.

आता तुझा खरा प्रश्न, मापाचा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ‘एक नंबर लहान’ या सल्ल्याने माझी स्वतःची एक स्पर्धा गेली आहे.

२०१५ साल. मीही कुणाचं तरी ऐकून एक नंबर लहान जोडी घेतली होती. घरी एकदा घालून बघितली, घाम फुटला, पण वाटलं घट्ट म्हणजे चांगली. स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअपच्या खोलीत दोन मैत्रिणी ओढत होत्या, तरी डावी स्लीव्ह पोटरीच्या फुगवट्यावरच अडकली. माझ्या दोन नखांच्या कडा सोलल्या. नाव पुकारलं. बार लोड झाल्याची हाक आली की लिफ्ट सुरू करायला एक मिनिट मिळतं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मी बाकावर बसून कापड ओढत होते. बारखाली गेले तेव्हा हाताची पकड गेलेली, श्वास नीट भरलेला नाही, आणि उजव्या पायाची बोटं बधिर. सरावात जे वजन मी सलग तीनदा उचलत होते, तोच ओपनर, म्हणजे पहिला प्रयत्न, तळातून उठलाच नाही. पुढच्या दोन अटेम्प्टमध्येही डोकं ठिकाणावर आलं नाही. एकही स्क्वॉट मोजला गेला नाही म्हणजे एकूण बेरीजच गेली.

म्हणून माप असं घे. शिंप्याकडची कापडी टेप घे, लोखंडी नको. कामावरून घरी आल्यावर, पण व्यायामाच्या आधी, कारण व्यायामानंतर पाय फुगलेले असतात. खाली बघत वाकू नकोस, माप बदलतं. आईला किंवा बहिणीला घ्यायला सांग. उभी राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघा ताठ कुलूप न लावता सैल. वाटीच्या मध्यावर पेनाने टिंब द्या. तिथून दहा सेंटीमीटर खाली, पोटरीवर दुसरं टिंब. दहा सेंटीमीटर वर, मांडीवर तिसरं. तिन्ही ठिकाणी टेप आडवी फिरवून कातडीला टेकेल इतकीच धरायची, रुतवायची नाही. दोन्ही पायांची मापं घ्या, तीनदा घ्या, लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात अर्धा-पाऊण सेंटीमीटर फरक निघाला तर घाबरू नकोस, जो पाय मोठा त्याचं माप धर.

हे तिन्ही आकडे का, तर प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळ्या जागेचं माप मागतो. कुणाला वाटीच्या मध्याचं हवं असतं, कुणाला पोटरीचं, कुणी दोन्ही बघतं. एकाचा ‘एम’ दुसऱ्याचा ‘एस’ असतो. त्यामुळे ‘मला एम लागते’ असं कधीच समजू नकोस, त्या त्या कंपनीच्या तक्त्यातला आकडा बघ. आणि लक्षात घे, पॉवरलिफ्टिंगसाठी म्हणून जी स्लीव्ह बनते तिच्या तक्त्यात घट्टपणा आधीच धरलेला असतो. तक्त्यात तुझ्या आकड्यासमोर जे माप लिहिलंय ते घातल्यावर घट्टच बसणार आहे. त्यातून आणखी एक नंबर खाली उतरायचं म्हणजे माझ्यासारखं होतं. वर्षानुवर्षं उचलणारे, हाताशी दोन मदतनीस असणारे काही लिफ्टर स्पर्धेपुरती लहान जोडी ठेवतात, त्यांना त्याचा सराव असतो. पहिली जोडी घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. दोन मापांच्या बरोबर सीमेवर आलीस तर मोठं घे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. स्क्वॉट करून मांडी भरते, पण गुडघा मात्र बारीकच राहतो. अशा पायावर सरळ नळीसारखी स्लीव्ह घातली की वरची कड मांडीत रुतून सुरळी होते आणि वाटीपाशी सैल पडते. तुझं वरचं आणि मधलं माप बघ. फरक पाच-सहा सेंटीमीटरहून बराच जास्त असेल तर वर रुंद, खाली निमुळती, गुडघ्याला किंचित वाकलेली अशा कापाची स्लीव्ह शोध.

जोडी हातात आली की लगेच व्यायामशाळेत नेऊ नकोस, परत करता येणार नाही. घरीच, पाय धुऊन पुसून, बाकावर बसून घाल. अर्धी स्लीव्ह उलटी बाहेर दुमडायची, म्हणजे दुहेरी कापडाची पकड मिळते. पाऊल आत घालून दुमडीला धरून पोटरीच्या वर आण, आणि मग वरचा अर्धा भाग मांडीवर उलगड. नखांनी ओढू नकोस, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दाबून सरकव. शिवणी दोन्ही बाजूंना सरळ, मध्य वाटीवर. हे सगळं एकटीला, दोन-तीन मिनिटांत जमलं पाहिजे. जी स्लीव्ह तुला स्वतःला चढवता येत नाही ती तुझी नाही, असा माझा नियम आहे, आणि माझ्याकडच्या प्रत्येकीला मी तो पाळायला लावते.

मग दहा मिनिटं घालून घरात फिर. पावलाला मुंग्या आल्या, बोटं निळसर दिसली किंवा लवणीत चिमटा बसला तर ती लहान आहे. पाच बैठका मार. एक बोटभरही खाली सरकली तर मोठी आहे. शेवटी पूर्ण तळाला जाऊन दोन सेकंद थांब. घट्ट स्लीव्हमध्ये रिकाम्या अंगाने खाली जाताना कापड थोडं अडवतं, ते ठीक आहे. पण ६०-७० किलो खांद्यावर असतानाही खाली जाता येत नसेल, तर ती तुला पुरेसं खोल बसू देणार नाही. नियम तुला माहीतच आहे, नितंबाच्या सांध्याजवळ मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या भागाखाली गेला पाहिजे. त्याच्या वर थांबलेल्या स्क्वॉटला पंचांचे लाल दिवे मिळतात, म्हणजे तो बाद, मग स्लीव्ह कितीही भारी असो.

पैशांकडे येऊ. साडेसात हजार म्हणजे तुझा अर्धा पगार. कर्ज काढून किंवा घरखर्चातून कापून ती जोडी घे असं मी सांगणार नाही. पण अठराशेवाली घेण्याआधी एक फोन कर, तुझ्या राज्य संघटनेला. विचार, ‘क्लासिकला आयपीएफच्या मंजूर यादीतल्याच स्लीव्ज लागतात का?’ आयपीएफ मान्यताप्राप्त साहित्याची यादी काढतं आणि त्याच्याशी संलग्न राष्ट्रीय पातळीवर ती लागू होते. राज्य आणि जिल्हा पातळीवर आयोजकांकडून आधी खात्री करून घेणं बरं. यादीतलीच लागते असं उत्तर आलं, तर कंपनीचं नावच नव्हे, तिचं ते नेमकं मॉडेल यादीत आहे का तेही बघ. एकाच कंपनीची एक स्लीव्ह मंजूर आणि दुसरी नामंजूर असू शकते. या यादीत साडेसात हजारांच्या खालच्या जोड्याही सापडतात. आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय खेळायची तुझी इच्छा असेल (पत्रातून मला तरी ती दिसली), तर मंजूर जोडी एकदाच घेतलेली बरी. नीट वापरली तर ती तुला बरीच वर्षं साथ देते. यादी लागत नाही असं कळलं तर अठराशेवाली वरच्या कसोट्यांवर पारखून घे. दाट कापड, सपाट शिवण, बरोबर माप असेल तर या वर्षी ती पुरेल. साडेसात हजारांची चुकीच्या मापाची जोडी तिच्यापेक्षा वाईट.

नियमातल्या आणखी दोन गोष्टी, कारण यात नवखे अडकतात. स्लीव्हची लांबी ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि स्लीव्ह गुडघ्यावर मध्यभागी हवी, तिचा स्पर्श ना सिंगलेटला (स्पर्धेचा अंगाला चिकटणारा पोशाख) व्हायला हवा ना मोज्यांना. तू उंच नसशील तर लांब स्लीव्हची खालची कड उंच मोज्यांना भिडते. डेडलिफ्टला तर नडगी झाकणारे मोजे घालावेच लागतात. म्हणून स्क्वॉट संपल्यावर स्लीव्ज काढून टाक, बेंचला आणि डेडलिफ्टला त्यांची गरज नाही. आणि घरीच एकदा सगळं किट अंगावर चढवून आरशासमोर उभी राहा.

सात आठवड्यांत तिचा वापर कसा करायचा ते सांगते. पहिले दोन आठवडे तू हलक्या वजनावर असशील, तेवढ्यात जोडी मागवून घे. तेव्हा स्लीव्ज घालू नकोस, गुडघा काय सांगतो ते उघड्यावर ऐकायचंय. तिसऱ्या आठवड्यापासून, सकाळचा जिना शांत झाला असेल तर, ८० किलोंच्या वरच्या सेट्सना घाल. वॉर्मअपला उघडेच गुडघे. सेट झाला की स्लीव्ह पोटरीवर खाली ढकलून दे, रक्ताला वाट मिळते. दोन-तीन आठवड्यांत कापड तुझ्या पायाच्या आकाराला सैलावेल आणि चढवणं सोपं जाईल. चौथ्या-पाचव्या आठवड्यात स्पर्धेसारखा एक दिवस कर : ठरलेल्या वेळेला, घड्याळ लावून, स्लीव्ज चढवून, मध्ये विश्रांती घेत, एकेक करून तीन स्क्वॉट. तिसरा १०५ च्या पुढे नको. शेवटचा जड दिवस स्पर्धेच्या दहा दिवस आधी. गुडघ्याने साथ दिली तर ओपनर १०० चा ठेव. तो तू कुठल्याही दिवशी, कुठल्याही मूडमध्ये उचलतेस. तीन पांढरे दिवे मिळाल्यावर १०७.५ आणि मग बघू. गुडघ्याने साथ दिली नाही तर ९० चा ओपनर देऊन स्पर्धा पूर्ण कर, आणि ११५ पुढच्या हंगामासाठी ठेव. तू २४ ची आहेस.

वापरून झाल्यावर स्लीव्ज स्कूटरच्या डिकीत ठेवू नकोस, हे अगदी मनापासून सांगते. तिथली उष्णता कापडाचा जीव घेते आणि घामाचा वास कायमचा मुरतो. घरी आल्याबरोबर उलट्या करून पंख्याखाली टांग. आठवड्यातून एकदा गार पाण्यात, साध्या सौम्य साबणाने हाताने धुवायच्या. पिळायच्या नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायच्या. मशीन नको, ब्रश नको, गच्चीतलं ऊन नको. पावसाळ्यात सुकायला दोन दिवस जातात, तेव्हा आठवड्यातला शेवटचा स्क्वॉट झाल्यावरच धू. लवणीत पुरळ उठलं, खाज सुटली, तर काही दिवस वापर थांबव. काहींच्या त्वचेला निओप्रीनमधली रसायनं सोसत नाहीत, आणि तसं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

राहिल्या दादांच्या स्लीव्ज. त्या त्यांच्या पायावर सैलावल्यात, तुझ्या गुडघ्यावर त्या कधीच बसणार नाहीत, आणि जड सेटमध्ये मध्येच सरकणारी स्लीव्ह लक्ष विचलित करते. त्यांनी प्रेमाने दिल्यात. धुऊन, सावलीत सुकवून परत कर, आणि जमलं तर टेप घेऊन जा. त्यांनीही कदाचित आजवर मोजलं नसेल.